निळा वाळेपर्यंत

"आमच्या सौभाग्यवतींना हल्ली रंगांचा छंद लागलाय," हे माइकवर म्हणाले आणि सभागृह हसलं. छंद! कलाशाळेत पहिली आले होते मी. लग्नानंतर बावीस वर्षं यांच्या मागे तंबोऱ्यावर बसले, म्हणून ब्रश सुटला.

आज पन्नाशीत तंबोरा जावेकडे सोपवून मी यांच्या शेजारी कागद लावून उभी होते. हे गाणार आणि मी तोच राग रंगवणार. बोलणं झालं होतं, की विलंबित ख्याल चाळीस मिनिटं गायचा, म्हणजे जलरंगाचा एकेक थर वाळायला वेळ मिळेल. द्रुत त्यानंतर.

दहाव्या मिनिटाला लोक माझ्या कागदाकडे बघून "वा!" म्हणाले. यांनी मान वळवून पाहिलं आणि तिथेच विलंबित गुंडाळून द्रुत सुरू केला. गळा बसला म्हणावं, तर ताना कशा धो धो! माझा निळा अजून ओलाच होता. त्यावर केशरी लावला असता तर नुसता चिखल झाला असता. मी ब्रश खाली ठेवला.

टाळ्या संपल्या. हे उठायला लागले.

"बसा," मी म्हटलं. माइक चालूच होता. मी तबलजींकडे वळले. "ठेका विलंबितच धरा. माझं चित्र व्हायचंय अजून."

तबलजींनी एकदा यांच्याकडे पाहिलं आणि ठेका धरला.

मी जावेच्या हातून तंबोरा घेतला आणि यांच्यापुढे केला.

"घ्या. आणि जरा मागे सरकून बसा."