बटणचा दुसरा डोस

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर काळा कागद अंथरला आणि सशाच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली. कागदावर पांढरा भुगा पडला.

"नीट बघा," त्या म्हणाल्या. "हा कोंडा चालतोय."

सशाला घेऊन आलेला, पुस्तकं बांधणारा बाइंडर वाकला. खरंच, त्यातले दोन-चार कण सरकत होते.

"बारीक किडे आहेत. घाबरू नका, बरा होईल. वजन करून इंजेक्शन देते. दोन आठवड्यांनी पुन्हा आणा, मग आणखी एकदा. पिंजऱ्यातलं गवत रोज बदलायचं, कापड उकळत्या पाण्यातून काढायचं. आंघोळ अजिबात घालू नका. ससा किड्यांनी नाही, भीतीनं मरायचा."

"घरी कुत्र्याच्या किड्यांचं औषध आहे, मानेवर लावायचं. मेव्हण्याचा कुत्रा राहिला होता आमच्याकडे. ते चालेल का मधल्या दिवसांत?"

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "तेवढं मात्र करू नका. त्यातली काही औषधं सशाला विष असतात. बाटली फेकूनच द्या." मग त्यांनी इंजेक्शन भरता भरता विचारलं, "याला मांडीवर कोण घेतं? हे किडे माणसाच्या अंगावर राहत नाहीत, पण चावतात. जवळ घेणाऱ्याच्या हातांवर पुरळ उठतं. बघू तुमचे."

त्याने हात पुढे केले. नखांत वाळलेला सरस होता, बाकी हात स्वच्छ होते.

"मी नुसतं खायला घालतो," तो म्हणाला. "मांडीवर घेणारी गेली."

डॉक्टरीणबाईंनी सशाची कातडी चिमटीत धरून सुई टोचली.

लेक चौदा वर्षांची होती. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि आठव्या दिवशी तो आणि बायको दोघंच घरी परतले. त्याला आता नऊ महिने झाले होते. सशाचं बटण हे नाव तिनंच ठेवलेलं, त्याच्या नाकावरून. परतल्यावर बायकोचं पहिलं वाक्य होतं, "तो ससा देऊन टाका. त्याच्या अंगाला तिचा वास येतो." पुढच्या महिन्याभरात ती हे तीनदा म्हणाली. मग म्हणणं बंद केलं. बाइंडरला ते गप्प राहणं जास्त जड वाटलं. त्याच्या डोळ्यांदेखत ती लेकीच्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे. सशाला खाऊ घालायचं ते सकाळी कारखान्यात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, त्यानेच.

त्या रात्री जेवताना त्याने डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. बोलायला काहीतरी विषय मिळाला, एवढंच. उकाडा असूनही बायकोने लांब बाह्यांचा स्वेटर चढवला होता. हल्ली तिला सारखी थंडी वाजायची.

"कुठलं औषध म्हणालात?" तिने विचारलं. "कपाटातलं?"

"हो. एवढंसं पोटात गेलं तरी मरेल म्हणे. फेकायचंय ते."

ती ताटं उचलून आत गेली.

फेकायचं त्याच्याकडून राहून गेलं. चौथ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात त्याला ती बाटली दिसली. झाकण उघडं होतं, आत थेंबही नव्हता.

तो धावत लेकीच्या खोलीत, पिंजऱ्यापाशी गेला. बटण गवत चघळत होता. बाइंडरने त्याची मान हुंगली, केस उलटसुलट करून पाहिले. काही नव्हतं. पाण्याचं भांडं त्याने तीनदा धुतलं.

बायकोला त्याने विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती 'हो' म्हणाली असती, तर त्यापुढे त्या घरात दोघांनी राहायचं कसं? ती वाईट नव्हती. लेकीच्या आजारपणात आठ रात्री पाठ टेकली नव्हती तिने. दुःखाने माणूस काय करेल याचा नेम नसतो, असं त्याने स्वतःला समजावलं. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी घरात शिरताच तो आधी पिंजऱ्यात डोकावायचा.

दुसऱ्या डोसाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फणी फिरवली. कागद जवळजवळ कोरा राहिला.

"छान विंचरता हो तुम्ही याला. केसांत गाठ म्हणून नाही."

"तुमच्या औषधाचा गुण," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "याला कुणी घेईल का? चांगलं घर हवं."

योगायोग असा, की गावी परत निघालेले एक शिक्षक त्याच दुपारी आपल्या सशाचं औषध न्यायला येणार होते. त्यांच्या सशाची जोडीदारीण नुकतीच गेली होती. गाव एक रात्र आणि अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. गाडी पाचची.

"तिसरा डोस होईपर्यंत ते वेगळा ठेवतील. पण तुमचं नक्की ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घरात तो असला की हिला सोसत नाही," बाइंडर म्हणाला. "एक गेली. आता जी आहे तिला तरी जपायला हवं."

शिक्षक येईपर्यंत त्याने बटणला पहिल्यांदाच मांडीवर घेतलं. बटणने सरावाने असावं तसं नाक त्याच्या कोपरात खुपसलं आणि डोळे मिटले. बाइंडरने खिडकीकडे तोंड फिरवलं.

तो घरी पोचला तेव्हा सहा वाजून गेले होते. बायको दारातच उभी होती. तिने रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

"देऊन आलो," तो म्हणाला. "शिक्षक आहेत. भली माणसं. तू म्हणत होतीस ना."

ती सुटकेचा श्वास टाकेल असं त्याला वाटलं होतं. ती पदराशी चाळा करत राहिली.

"गेले ते?"

"पाचच्या गाडीने."

"त्यांच्याकडे कुत्रा आहे का?"

"नाही. का?"

"काही नाही. कुत्र्याचं औषध घरात असलं की भीती. आपल्याकडचं मी मोरीत ओतलं होतं. तुम्ही चुकून लावाल म्हणून."

 पिंजरा अजून बाइंडरच्या हातातच होता.

"तुम्ही कामावर गेलात की तो माझ्या मांडीवर येऊन झोपायचा, संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली. "आता उद्या मी काय करू?"