शनिवारचा बिघाड

“एक व्यवहार. माझ्या डोळ्यांसमोर एक व्यवहार होऊ द्या, मग मार्क देतो,” राठोड सर म्हणाले. “नाहीतर पुढच्या परीक्षेला भेटू.”

राठोड सर प्रोजेक्ट तपासायला बाहेरून आलेले परीक्षक. वाशीमच्या त्या इंजिनियरिंग कॉलेजात गोलूनं अन् वर्षाराणीनं मिळून ‘अदलाबदल’ नावाचं ॲप बनवलं होतं. होस्टेल सोडून चाललेल्यांनी आपली जुनी वस्तू त्यावर टाकायची, ज्याला पाहिजे त्यानं ती घ्यायची. व्यवहार जमला की घेणाऱ्याच्या फोनमध्ये एसटीच्या कंडक्टरची डबल बेल वाजायची, टिंग टिंग. ही कल्पना गोलूची. रोज मेडशीहून एसटीनं येजा करणाऱ्याला दुसरं सुचणार तरी काय.

ॲप झकास चालायचं. फक्त शनिवारी झोपायचं. आठवडाभर टिंग टिंग, रविवारी तर विचारूच नका, अन् शनिवारी चिडीचूप. गोलूनं सगळा कोड उलटापालटा केला, सर्व्हर बदलला, निम्मं ॲप नव्यानं लिहिलं. बिघाड काही सापडेना. शेवटी त्यानं रिपोर्टमध्ये इमानदारीनं लिहून टाकलं की ॲपमध्ये दर शनिवारी अज्ञात बिघाड होतो. आणि परीक्षा नेमकी शनिवारीच आली.

घरी आणखी वेगळी तऱ्हा. पोरगा इंजिनियर झाला म्हणून बापानं, रामकिसननं, मेडशीच्या स्टँडवर कालच पेढे वाटले होते. निकाल लागायचा होता, पण रामकिसनला दम कुठला. आता पोरगा नापास झाला तर गाव खाल्लेले पेढे थोडंच वापस देणार होतं.

राठोड सरांनी ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं, नाव नोंदवलं अन् घाम पुसत एकेक वस्तू पाहिली. सायकली, लोखंडी पलंग, शेगड्या, कूलर. पुस्तक एकही नाही. इंजिनियरिंगची पुस्तकं मुळात कोणी घेतच नाही, तर जुनी येणार कुठून. उत्कर्ष नावाच्या पोरानं सकाळीच एक मोठा लोखंडी कूलर टाकला होता. त्याच्यावर सर जरा जास्तच थांबले.

“मोटर चालू आहे का याची?”

“हो सर. खोली गारेगार करते.”

“नाही, माहिती नीट भरली आहे का, ते पाहत होतो,” सर म्हणाले अन् पुन्हा घाम पुसला.

मे महिन्याचं ऊन, कूलर अर्ध्या किमतीत, अन् घेणारा एक नाही. बघणारे मात्र बक्कळ. सगळं कॉलेज त्या कूलरचा फोटो उघडून उघडून पाहत होतं, बघणाऱ्यांचा वाढता आकडा भिंतीवर प्रोजेक्टरमधून दिसतच होता. बटण कोणी दाबत नव्हतं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

गोलू वर्षाराणीच्या कानाशी लागला. “तूच घे नं व तो कूलर. दाब बटण. पुढचं पुढं पाहू.”

वर्षाराणीनं फोन उचलला. बोट स्क्रीनपर्यंत गेलं अन् तिथंच थांबलं.

“आज नाई,” ती म्हणाली.

“काहून?”

“शनिवार होय नं आज. शनिवारी कोणी लोखंड घेते का? माय मले घरात घेणार नाई.”

गोलू तिच्याकडे बघतच राहिला. कोडमध्ये काही नव्हतंच. बिघाड त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, त्याच्याच डब्यातली भाकर खाऊन, इतके दिवस त्याच्यासोबत बिघाड शोधत होता. मग त्याला आठवलं, आपण स्वतः तरी शनिवारी कधी काय घेतलं? त्याला हसू आलं अन् रडूही आलं.

सरांनी सगळं ऐकलं होतं. ते उठून उभे राहिले.

“लाज वाटली पाहिजे,” ते म्हणाले. “उद्याचे इंजिनियर तुम्ही, अन् शनिवार-मंगळवार पाळता? मी असलं काही मानत नाही. माझ्या घरी सगळे वार सारखे.” तिथून सर विज्ञानावर गेले, विज्ञानावरून समाजावर, समाजावरून तरुण पिढीवर. मोठा फेरा होता. तेवढ्या वेळात मान खाली घालून गोलूनं लॅपटॉपवर काम उरकून घेतलं. ‘घेतो’ असं एकच बटण होतं, ते काढलं. त्या जागी दोन बटणं टाकली. एक ‘आज नेतो’, दुसरं ‘उद्या नेतो’.

“सर, बिघाड दुरुस्त झाला,” तो म्हणाला. “एक डाव पाहा.”

सर बसले. त्यांनी फोन हातात घेऊन चष्मा वर केला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. बाकीची पोरं आपापले फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात थांबली होती. आत तिघंच, अन् फोनही तीनच. गोलूचा प्रोजेक्टरला जोडलेला, वर्षाराणीचा टेबलावर तिच्यासमोर.

टिंग टिंग.

गोलूनं वर्षाराणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिच्या फोनचा दिवाही लागला नव्हता. भिंतीवर मात्र कूलरच्या फोटोखाली अक्षरं उमटली: ‘उद्या नेतो’.

राठोड सरांनी आपल्या फोनवर रुमाल टाकला. मार्कांचा कागद ओढला, भरघोस आकडा लिहिला, खाली सही केली अन् पेनाचं टोपण लावलं. मग दाराकडे एकदा पाहून, मघाच्या भाषणातली सगळी शुद्ध मराठी बाजूला ठेवून, त्यांनी गोलूला हळूच विचारलं, “रात्री बाराच्या नंतर न्यायले आलो त चालते का रे? लागून जाते नं तवा रविवार.”