राखलेले हात

ऑस्लानं ताणायच्या लाकडी चौकटीवरचा शेवटचा दोरा सोडवला आणि शाल तिच्या हातांवर उतरली. उतरली म्हणायचं एवढंच, वजन असं तिला नव्हतंच. गंधकाच्या धुरीनं पांढरी झालेली, ताणून वाळवलेली, जाळीचं टोकन् टोक जिथल्या तिथे. तिच्या आरपार चूल दिसत होती.

चुलीशेजारी थोरली बहीण गिर्झी अंथरुणाला खिळून होती. भर पावसात डोंगरावरून चुलीसाठी कापलेल्या जळाऊ मातीची टोपली पाठीवर वाहून आणली आणि तिच्या छातीनं दगा दिला. आता श्वास घेताना करवत चालल्यासारखा आवाज येत होता. सकाळी शेजारची मेरन बघून गेली. ऑस्लाला दाराबाहेर नेऊन तिनं सांगितलं की हिचा रविवार काही उजाडेलसं वाटत नाही. आणि मग, हेही सांगायलाच हवं म्हणून, भरती फिरली की माझा नवरा होडी काढेल, तेव्हा शाल तयार ठेव. या शालीवर व्यापाऱ्याकडून हिवाळ्याचं पीठ यायचं होतं. आता ते एकाच तोंडाला पुरवायचंय, असं ऑस्लाच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

दोघी लहान असताना आईनं त्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि निकाल देऊन टाकला होता : एकीचे मातीत, एकीचे सुतात. तेव्हापासून ऑस्लानं कुदळ धरली नाही, मासळी साफ केली नाही, टोपली पाठीला लावली नाही. शालीचं सूत केसाहून बारीक, खरखरीत बोटाच्या भेगेत अडकलं की तुटलंच. उन्हाळ्यात मेंढ्यांची लोकर सुटायला लागली की गिर्झी मेंढी गुडघ्यांत दाबून धरायची आणि ऑस्ला गळ्याखालची मऊ लोकर चिमटीनं उपटून घ्यायची. तिथून पुढे गिर्झीचा त्या लोकरीशी संबंध संपला. विंचरणं, कातणं, विणणं, सगळं ऑस्लाचं. माणसं एखादी गोष्ट तळहातावरच्या फोडासारखी जपतात. या घरानं तळहातच जपले, आणि त्यांच्यापायी दुसरे दोन झिजवले. गिर्झीनं कधी तक्रार केली नाही, टोमणे मात्र भरपूर मारले. महाराणी, ताट तरी उचलता ना, की तेही मीच?

"बघू," गिर्झी म्हणाली.

ऑस्लानं शाल उजेडात धरली.

"डोळ्यांनी रोजच बघते मी. हातात दे."

ऑस्ला थबकली. क्षणभरच, पण ते गिर्झीच्या नजरेतून सुटलं नाही. गालाला लावते, ऑस्ला घाईघाईनं म्हणाली, गाल मऊ असतो. माझ्या गालानं कधी काडी तरी उचललीय का, असं काहीसं गिर्झी पुटपुटली आणि पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढून वाट बघत राहिली.

खाऱ्या पाण्यानं चिरलेले, घट्टे पडलेले, तुटक्या नखांचे ते हात. ऑस्लानं त्यांच्यावर शाल पसरली. गिर्झी डोळे मिटून पडून राहिली. एक बोटसुद्धा तिनं हलवलं नाही.

"ठेवलीस का?" तिनं विचारलं.

"ठेवली की. हातावरच आहे तुझ्या."

"काही लागतच नाही गं हाताला."

एवढ्यात खोकल्याची उबळ आली, गिर्झीच्या मुठी आवळल्या, आणि उबळ ओसरली तेव्हा सूत अंगठ्याच्या भेगेत रुतून बसलं होतं. ऑस्ला झटकन वाकली ती शालीवर. बहिणीच्या तोंडाकडे तिनं नंतर पाहिलं. ओठांवर रक्त होतं. आधी शाल आणि नंतर बहीण, ही चूक ऑस्ला स्वतःला कधी माफ करणार नव्हती.

गिर्झीला मात्र त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिचंही लक्ष शालीवरच होतं.

"ओढू नकोस. कात्री आण. कातडं काप, सूत नको."

"दुखेल गं."

"ते कुठलं दुखतंय आता."

ऑस्लानं कापलं. भेगेच्या कडा लाकडासारख्या झालेल्या, कात्रीला दाद देत नव्हत्या. रक्त आलं तेव्हा तिनं खाली आपला अंगठा धरला, थेंब शालीवर पडू नये म्हणून. सूत अखंड सुटलं.

मेरन आली. ऑस्लानं शाल फडक्यात गुंडाळून तिच्या हाती दिली. न देऊन करते काय? मेरननं अंथरुणाकडे एकदा पाहिलं आणि ती किनाऱ्याकडे निघून गेली.

दार लागल्यावर ऑस्ला गिर्झीजवळ बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला. उभ्या आयुष्यात तिनं तो असा धरला नव्हता. लहानपणी आई दटावायची, पुढे सवयच झाली. तो हात खरोखरच बोचत होता. ऑस्लानं तो आणखी घट्ट धरला.

गिर्झीनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण अंगात तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"सोड गं," ती म्हणाली. "तुझे हात खराब होतील."