तीनच्या पुढचा आकडा

"वर्षभर," डॉक्टर च्यान म्हणाला. "फार तर सव्वा वर्ष."

शुईवांगने मान डोलावली आणि मनातल्या मनात हिशेब केला. आत्ता खाडीत शिंपल्यांच्या माळा सोडल्या, तर त्यांवर धरलेली कालवं खायच्या मापाची व्हायला दीड वर्ष लागतं. म्हणजे यंदा पाण्यात उतरण्यात अर्थ नाही. मरण काय, आज ना उद्या यायचंच. पण खाडीतले आपले कालवांचे मांडव रिकामे राहणार, याचंच त्याला वाईट वाटलं.

डॉक्टरने पुन्हा समजावून सांगितलं. यकृतातली गाठ काढून सहा आठवडे झाले होते. तिचा तुकडा खाली प्रयोगशाळेत गेला होता. गाठीतली कोणती जनुकं जोरात कामाला लागली आहेत आणि कोणती झोपून आहेत, हे तिथलं यंत्र पाहतं आणि त्यावरून माणूस किती जगेल याचा अंदाज बांधतं.

"यंत्राला काय कळतंय याच्यातलं?" शुईवांगची बायको आ-लुआन फणकारली. "छत्तीस वर्षं माझ्या हातचं खाऊन जगलाय हा. एवढ्याशा गाठीनं मरतोय होय?"

"ते मात्र खरं," शुईवांग म्हणाला. डॉक्टरला हसावं की नाही ते कळेना.

आ-लुआन यंत्राला नावं ठेवत होती खरी, पण ती अडाणी नव्हती. तिचं वैर होतं ते एका आकड्याशी. तिथल्या भाषेत 'चार' आणि 'मरण' हे शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून चार म्हणजे मरण, असं त्या किनाऱ्यावर सगळेच मानत. इस्पितळाच्या लिफ्टमध्येसुद्धा तीननंतर एकदम पाच येई. पण बाकीचे तो आकडा नुसता टाळत, आ-लुआन तो तोंडानेही उच्चारत नसे. 'तीनच्या पुढचा' म्हणे. खाडीत त्यांचे बांबूचे तीन मांडव होते, अकरा वर्षं तीनच. चौथा ती घालू देत नसे, आणि चौथा-पाचवा एकदम उभा करण्याइतका बांबू कधी जमला नाही. 'हिच्या पायी माझं श्रीमंत होणं राहिलं,' असं शुईवांग चारचौघांत सांगे आणि घरी येऊन शिव्या खाई.

या चाचणीसाठी नावं लिहिली जात होती, तेव्हाही त्याचा नंबर नेमका चौथा आला होता. आ-लुआनने नर्सचं पेनच धरलं होतं. नर्सही किनाऱ्यावरचीच. तिने मुकाट्याने नावापुढे पाच लिहिलं, गाठीचा तुकडा ठेवलेल्या नळीवरही पाचचीच चिठ्ठी लावली. तैपेईत शिकलेला डॉक्टर च्यान तेव्हा खो खो हसला होता.

आज तो हसत नव्हता. त्याने अहवालाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. पाच ओळी, त्यांच्यापुढे एक ते पाच आकडे. पाचव्या ओळीवर त्याने हलकेच बोट ठेवलं.

आ-लुआनने चष्मा पुसला. कागद डोळ्यांजवळ नेला. मग तिचं बोट वरच्या ओळीवर सरकलं आणि तिथेच थांबलं.

"हा कोण?"

"कोण, काकू?"

"हा. तीनच्या पुढचा. त्या दिवशी हा नंबर कुणालाच दिला नव्हता. मी तिथंच उभी होते. आमच्या म्हाताऱ्यामागं कुणीच नव्हतं, तोच शेवटचा. मग हा कुठून उगवला?"

डॉक्टरने कागदाकडे पाहिलं. मग आ-लुआनकडे. मग खुर्ची मागे ढकलून तो जो उठला, तो लिफ्टची वाटही न पाहता जिन्याने खाली धावला.

"झालं!" शुईवांग म्हणाला. "डॉक्टरलाही पळवलंस."

"तू गप बस, म्हाताऱ्या." तिने त्याचा हात घट्ट धरला होता.

डॉक्टर परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती आणि कान लाल झाले होते.

"यंत्राला शकुन-अपशकुन कळत नाही, काकू. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्यानं पाहिलंच नाही. नळ्या ओळीनं मोजल्या. चौथी नळी होती तुमची."

"आणि पाचवी?"

"ती आमची. यंत्र बरोबर चालतंय का ते बघायला दर वेळी एक जुनी, वाईटातली वाईट गाठ मुद्दाम घालतात. मी चिठ्ठीवरचा पाच बघून तिची ओळ वाचली. चूक माझी आहे. माफ करा."

"म्हणजे हा जो... हा वरचा आहे, तो आमचा?"

"तुमचाच. दोनदा बघून आलोय. पाचांतला सगळ्यात चांगला. अशा गाठीची दहा माणसं घेतली, तर त्यातली नऊ पाच वर्षांनीही कालवं खात असतात."

आ-लुआनने खिशातला रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि एका परक्या पुरुषाच्या, त्यातून डॉक्टरच्या, गालाचा कडकडून चिमटा घेतला.

बसथांब्यावर ऊन पडलं होतं. खाडीकडून वारा येत होता, आणि शुईवांगला कधी नव्हे ती सडकून भूक लागली होती.

"तुझ्याच त्या आकड्यानं मला मारलं, आणि त्यानंच उठवून बसवलं," तो म्हणाला. तिने डोळे पुसत त्याला कोपर मारलं. मग तो खिशातून फोन काढून म्हणाला, "बांबूवाल्याला आत्ताच सांगतो. यंदा किती मांडवांच्या माळा सोडायच्या?"

"चार!" आ-लुआन एवढ्या मोठ्याने म्हणाली, की थांब्यावरची सगळी माणसं दचकून दोन पावलं मागे सरली.