शेजारची संख्या

१९३१ साली, धूमकेतू दिसेनासा झाल्याच्या पुढच्याच आठवड्यात, घड्याळजी बाबा दुकानात डोक्याला हात लावून बसले होते. समोर पितळेच्या चकत्या, बाजूला चाकांचे दात कापायचं यंत्र. त्या यंत्राला गिऱ्हाईकही ठरलं होतं. हे शेवटचं काम हातावेगळं केलं की दुकान बंद. मुलगा नाही, मुलगी आज ना उद्या सासरी जाणार. मग कुणासाठी हा खटाटोप?

लहानपणापासून मुलगी बाबांशेजारच्या स्टुलावर बसून चाकं कापत आली होती. तिला दुसरीकडे कुठे बसायचंच नव्हतं.

काम होतं दुर्बीणवाल्या मास्तरांचं. धूमकेतू एकोणचाळीस हजार दोनशे तीन दिवसांनी परत येणार, असं त्यांचं गणित. बरोबर तेवढ्याच दिवसांत एक फेरी मारणारा काटा त्यांना हवा होता. पहिलं चाक रोज एक दात सरकणार आणि एका चाकाची फेरी पुरी झाली की पुढचं चाक एक दात सरकणार. म्हणजे साऱ्या चाकांच्या दातांचा गुणाकार नेमका तेवढा यायला हवा.

"मेली ही संख्या कशानेच भागत नाही!" बाबा करवादले.

"भागते," मुलगी म्हणाली. "एकशे सत्त्याण्णव गुणिले एकशे नव्व्याण्णव. पण त्या दोन्ही मूळ संख्या. पुढे फुटायच्या नाहीत."

"आणि आपलं यंत्र एकशेवीस दातांच्या वर जात नाही. आलं कपाळ!"

"तिची शेजारीण बघा की, बाबा. एकाने पुढची. इतकी गरीब स्वभावाची, कशीही फोडा. तेहतीस, तेहतीस, छत्तीस. तीन चाकांत काम."

"एक दिवस चुकेल."

"एकशेसात वर्षांनी चुकेल. मास्तरांना सांगून आलेय मी. धूमकेतू आला की आपल्या दुकानातलं माणूस येऊन काटा एक दिवस पुढे सारेल. फुकटात."

"आपल्या दुकानातलं? अगं, दुकान पुढच्या महिन्यात..."

"शब्द दिलाय. मोडायचा तर तुम्ही मोडा."

बाबा बराच वेळ चकती हातात फिरवत राहिले. मग टोपी घालून बाहेर पडले आणि यंत्राच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगून आले.

मास्तर त्या काट्याकडे बघत बघत सुखाने म्हातारे झाले. मुलीने लग्न केलं, पण जावईच दुकानाच्या माडीवर राहायला आला. बाबा नव्वदीपर्यंत स्टुलावर बसून जावयाच्या कामाला नावं ठेवत होते. आता मुलीची नात दुकान चालवते. धूमकेतू यायला थोडीच वर्षं उरलीत, आणि काटा सारायला मीच जाणार, असं ती येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवते.

आणि हो, तेव्हा मागच्या गल्लीत एक कारखाना होता. तिथलं यंत्र दोनशे दातांचं चाक लोण्यासारखं कापायचं. मुलीला ते ठाऊक होतं. बाबांनाही. ते यंत्र त्यांनीच तर बसवून दिलं होतं.