हातभर भिंत

"सिंह झकास आहे," आत्या म्हणाली. "पण हा इथे कुठून आला?"

फीत कापायचा मान तिचा, म्हणून ती पाहुण्यांच्या आधी भाच्याबरोबर आत आली होती. तिच्या वडिलांनी रंगवलेली ही बाहेरची खोली. चारी भिंतींवर वेली, डाळिंबं, हरणं, सात दिव्यांची समई. आता ज्यू समाजाचं छोटं संग्रहालय. चित्रं उजळायचं काम समितीने नातवाला दिलं होतं. तो कलेचा प्राध्यापक, शिवाय घरचाच.

"दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन नुसता विटांचा राहिला होता," भाचा म्हणाला. "आजोबांचा चुना संपला असेल, नाहीतर उत्साह. मी गिलावा करून सिंह काढला."

मघाशी अंगणातल्या भाषणातही त्याने हेच सांगितलं होतं. 'चित्रं हीच आपली आठवण' असा विषय होता. आजोबांचं अर्धवट काम नातवाने पुरं केलं, या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

"बाबांनी अर्धवट काही ठेवलं नाही रे. ताटातसुद्धा." आत्या भिंतीजवळ गेली. "जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याची आठवण म्हणून तेवढी जागा उघडी सोडायची. घर कितीही सजवा, पुरं सजवायचं नाही. तुला कुणी सांगितलं नाही?"

सांगायची गरजच नव्हती. भाचा हे दरवर्षी वर्गात शिकवत होता. पडद्यावर परक्या मुलखातल्या घरांचे फोटो दाखवून, विद्यार्थ्यांना दोन मिनिटं गप्प बसवून. हाच चौकोन आपल्या घरात दिसला, तेव्हा मात्र त्याला म्हाताऱ्याचा आळस दिसला होता.

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कोपऱ्यातल्या सामानातून त्याने पटकन खरवडणी उचलली.

"पाच मिनिटं दे, आत्या. लोक यायच्या आत काढून टाकतो. कुणाला कळायचंही नाही."

"तेच तर नको." आत्या दाराकडे वळली. "आधी लोक येऊ देत. मग खरवड. का खरवडतोयस तेही सांग. भाषण बरं जमतं तुला."

तिने दोन्ही दारं सताड उघडली, आणि अंगणातले पाहुणे आत येऊ लागले. भाचा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सिंहाच्या आयाळीत पातं रुतलं, गिलाव्याचा पहिला पोपडा बुटावर पडला, आणि प्राध्यापकाला पहिला शब्द काही केल्या सापडेना.