माणसाळलेली पाखरं

आपलं साखरपाणीच कुठेतरी चुकतंय, याबद्दल दोमितिलाला आता शंका उरली नव्हती. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. साखर विरघळेपर्यंत उकळायचं, मग पूर्ण गार होऊ द्यायचं. रंग नाही, मध नाही, गूळ तर नाहीच. अंगणात येणाऱ्या, हवेत थांबून फुलांतला रस पिणाऱ्या इवल्याशा गुंजनपक्ष्यांसाठी ती अकरा वर्षं हेच करत आली होती. ईस्टरच्या सुमाराला हे पाणी भरून अंगणात टांगलेल्या सहाही बाटल्यांवर पाखरांची झुंबड असायची. आता कशीबशी दोन-तीन येत.

तिने साखर दुसऱ्या दुकानातून आणली. बाटल्या व्हिनेगरने धुतल्या, त्यांची बारीक तोंडं ब्रशने घासली. विहिरीचं पाणी सोडून झऱ्याचं आणलं. काही फरक पडेना. धाकटी बहीण चेलो म्हणे, मिचोआकानच्या डोंगरात थंडी पडली की पाखरं खाली उतरतात, तू उगीच जिवाला लावून घेतेस. चेलोचा नवरा दोन वर्षांपूर्वी सीमेपलीकडे कामाला गेला तो गेलाच. तेव्हापासून ती इथेच होती. दोमितिलाचे गुडघे धरले, तसं बाटल्या भरून टांगायचं काम चेलोने अंगावर घेतलं. एकेक बाटली तिने हळूहळू खाली आणली, पार हाताशी. जवळून बघायला बरं, म्हणाली. आणि खरंच, महिन्याभरात पाखरं दोमितिलाच्या बोटावर बसून प्यायला लागली. त्या दिवशी ती मुलीसारखी हसली होती.

रविवारी चेलोला ताप भरला, म्हणून बाजाराला दोमितिला गेली. खोकल्याचा पाला घ्यायला ती जडीबुटीवाल्या लुचाबाईंच्या दुकानापाशी थांबली. मेणबत्त्या आणि संतांच्या तसबिरींच्या मध्ये एका टोपलीत लाल कापडाच्या पुरचुंड्या होत्या. एकीतून लांब, सुईसारखी चोच बाहेर आली होती. हे ताईत तिने लहानपणापासून पाहिले होते. वाळवलेलं गुंजनपाखरू, त्याला लाल दोरा, सोबत प्रार्थनेचा कागद. दुरावलेलं माणूस परत यावं म्हणून बाया ते छातीशी बाळगत. या पाखराचा गळा अजून जांभळा चमकत होता.

हल्ली हे मिळतात तरी कुठे, पकडायला तर बंदी आहे ना, असं तिने सहज विचारलं.

लुचाबाई जवळ वाकल्या. घरच्याच माणसाशी बोलावं तशा बोलल्या. "तुमच्या चेलोकडून, आणखी कुणाकडून? गलोलीने मारलेल्याला भोक पडतं, मग गिऱ्हाईक नाक मुरडतं. तुमच्याकडची माणसाळलेली. अलगद हातात येतात म्हणे. बघा ना, एक पीस मोडलेलं नाही."

पाला तिथेच राहिला. ती पुरचुंडी विकत घेऊन दोमितिला घरी आली आणि चेलोच्या पांघरुणावर ठेवली. चेलोने ती उघडलीही नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पहिलं माझ्यासाठीच धरलं होतं, दोमी," ती म्हणाली. "तो परत यावा म्हणून. नाही आला. मग शेजारणीने मागितलं. मग तिच्या नणंदेने."

"आणि मी वेड्यासारखी साखर बदलत होते, तेव्हा गप्प बसलीस?"

"तू साखरपाणी ठेवायचं थांबवलं असतंस तर पाखरं आलीच नसती."

दोमितिला ओरडली नाही. तिने मक्याच्या पिठाची पातळ पेज केली, वाडगा बहिणीच्या उशाशी ठेवला आणि सांगितलं, ताप उतरला की मोरेलियाला भावाकडे जा. मग ती दाराकडे वळली. चेलो मागून काहीतरी बोलत होती. तिला ते ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्या बाटल्या उतरवल्या आणि साखरपाणी मोरीत ओतून टाकलं. पाखरं ठरल्या वेळी आली. बाटल्या असायच्या त्या जागी हवेतच थांबून शोधत राहिली. मग एक पाखरू सरळ तिच्या तोंडासमोर येऊन थरथरत उभं राहिलं. सवयीने तिचं बोट पुढे झालं.

ज्यावर हे पाखरू असंच विश्वासाने बसेल आणि मग मुठीत धरलं जाईल, अशी बोटं गावात पुष्कळ होती. तिने हात मागे घेतला, कमरेचं फडकं ओढलं आणि त्याच्या अंगावर झटकलं. पाखरू सर्रकन मागे सरलं. क्षणभर तसंच हवेत थांबलं आणि पुन्हा तिच्याकडेच आलं.

दोमितिलाने फडकं पुन्हा उचललं.